आठव्या महिन्यातला पूल

पौष-माघात आमच्याकडे दिवस साखर मोजून सुरू होतो. निफाड तालुक्यातल्या बहुतेक द्राक्षवाल्या घरांत हेच चालतं. ऊन चढायच्या आत बागेत जायचं, वेगवेगळ्या ओळींतले मणी तोडायचे, रसाचा थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर टाकायचा आणि यंत्र डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं. आत एक रेघ दिसते. रेघ पुरेशी वर असली की व्यापाऱ्याला फोन, नसली की आणखी कळ काढायची. मणी पिवळसर झाला, काचेसारखा झाला, चाखून गोड लागला, तरी यंत्र लावल्याशिवाय आमच्याकडे कात्री बागेत जात नाही. हा नियम माझ्या सासूबाईंचा. एका वर्षी रंगाला भुलून घडांचा खुडा केला आणि अख्खी गाडी परत आली, तेव्हापासूनचा.

घरात माझं काम व्यवस्थेचं. खुड्याला मजुरांची टोळी कधी येणार, क्रेट धुतले का, चहा कुणी करायचा, व्यापाऱ्याच्या माणसांना जेवण लागेल का, हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावते. घरचे हसतात, पण जाता-येता वाचतात. त्या हंगामात कागदावर एक ओळ जास्तीची होती. धाकट्या जावेचं डोहाळेजेवण.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची बायको. तिचं माहेर नांदगावकडचं, कोरडवाहू गावातलं. दीर नाशिकला कंपनीत कामाला आहेत, रोज जाऊन-येऊन करतात. लग्नाला चार वर्षं झाल्यावर दिवस राहिले, त्यामुळे घरात आनंद तर होताच, पण जपणूकही फार चालली होती. सासूबाई तिला जड उचलू देत नव्हत्या. ती मात्र शेडमध्ये खुर्ची टाकून माझ्याबरोबर घड निवडायला बसायची. तिला रिकामं बसवत नसे.

डोहाळेजेवणाला आलेली प्रत्येक बाई तिला बघून म्हणाली, "काय उजळलीये! अंग कसं भरलंय!" हिरवी साडी, फुलांचे दागिने, तोंडावर खरोखरच एक गोल गुटगुटीत तेज. फोटोत ती सगळ्यांत सुंदर आली आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

तीन-चार दिवसांनी ती शेडमध्ये माझ्या नवऱ्याच्या स्लीपर घालून आली.

"तुझ्या चपला कुठं गेल्या गं?"

"जात नाहीत, ताई. पाय मावत नाहीत."

मी खाली बघितलं. पाय फुगलेले होते, ते ठीक. गरोदरपणी पाय सुजतात, मलाही दोन्ही वेळा सुजले होते. पण तिची जोडवी बोटात रुतून बसली होती आणि दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. मी तिचा हात हातात घेतला. हातही तसाच. अंगठीभोवती खळगा पडलेला.

"दुखतं का?"

"जोडव्याचं दुखतं. पण आईंना कसं सांगू? काढायची नसतात ना."

मी साबणाचं पाणी आणि दोरा घेतला आणि अंगणातच बसून जोडवी काढली. सासूबाईंनी ओट्यावरून बघितलं.

"आगं, काय चाललंय? सातव्यात जोडवी काढती व्हय?"

"बोट काढायची वेळ येईल, आई. तुम्हीच ठेवा ती." मी जोडवी त्यांच्या हातात दिली. त्या पुटपुटल्या, पण पदराच्या टोकाला गाठ मारून त्यांनी ती जपून ठेवली.

त्याच दुपारी मी तिला उपकेंद्रात घेऊन गेले. आमचं गाव गोदावरीच्या अलीकडच्या काठाला, उपकेंद्रही गावातच. तिथल्या सिस्टरने बीपी घेतलं, धाकटीला डाव्या कुशीवर पडायला सांगितलं आणि थोड्या वेळाने परत घेतलं. मग लघवी तपासली. मग मला बाहेर बोलावलं.

"बीपी वाढलंय. लघवीतून प्रोटीन जातंय. उद्याच डॉक्टरांना दाखवायचं."

"पण तिला तर काहीच होत नाहीये. जेवते, झोपते, हसते."

"हेच तर आहे ना, ताई. ह्यात बाईला बरं वाटत असतं. नुसतं बघून कळत नाही, मोजावंच लागतं."

प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सगळं नीट समजावलं. गरोदरपणातलं हे बीपी वाढत गेलं तर आईला झटके येऊ शकतात, वार आतल्या आत सुटू शकते, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. पण वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोचली तर दोघं वाचतात. बाळंतपण नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातच करायचं. घरी बीपीचं मशीन आणा, रोज मोजा. वरचा आकडा एकशे साठ किंवा खालचा एकशे दहा दिसला, किंवा डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, छातीखाली पोट दुखलं, तर कुणालाही विचारत बसायचं नाही, निघायचं.

मी सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन फ्रिजवर लावलं. सगळ्यांत वर.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या. त्यांनाही बीपी आहे, बरीच वर्षं.

"एवढंच ना? मला बी बीपी, हिला बी बीपी. माझी गोळी लय भारी हाय, सकाळी घेतली की दिवसभर बघायला नको. घे पोरी."

हे सगळं प्रेमाने. त्यांनी गोळी फोडून तळहातावर काढलीसुद्धा. मी सिस्टरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, आमच्या आई त्यांची गोळी सुनेला देताहेत."

पलीकडून आवाज आला, "आजी, आधी ती गोळी खाली ठेवा. ठेवली? आता ऐका. म्हाताऱ्या माणसाच्या बीपीच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाचा घात करतात. तिला फक्त तिच्याच गोळ्या. आणि तुम्ही तुमची घेतली का आज?"

सासूबाईंची गोळी राहिलीच होती, ती त्यांनी तिथल्या तिथे तोंडात टाकली.

दिरांनी नाशिकहून मशीन आणलं. सिस्टरने ते आपल्या मशीनशी ताडून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली. पण सासूबाईंना ते पटेना. गोळी देऊ नका म्हटल्याचा राग कुठेतरी निघायला हवा होता.

"चारचौघी म्हणतात पोरगी कशी सोन्यासारखी दिसती. तोंड बघा तिचं. आन् तुम्ही रोज दंडाला पट्टा आवळून तिला आजारी करणार. यंत्राला काय कळतंय बाईच्या जिवाचं?"

धाकटी खाटेवर पाय वर करून बसली होती, तिथूनच ती अगदी सहज म्हणाली, "बरोबर आहे, आई. उद्यापासून द्राक्षालाही यंत्र नको लावायला. चारचौघींना बोलावू बागेत. पिवळी दिसतायत म्हणाल्या की करू खुडा."

माझा नवरा चहा पिता पिता ठसकला. सासूबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या उठल्या, मशीनचं खोकं उचललं आणि ज्या फळीवर साखरेचं यंत्र असतं त्या फळीवर नेऊन ठेवलं.

"सकाळी लावायचं. साखर बघितली की लगीच. रोज येकाच टायमाला, न्हाईतर मेळ लागायचा नाय."

त्या दिवसापासून मशीनचा ताबा त्यांनीच घेतला. पट्टा त्या बांधायच्या. धाकटीने तोंड उघडलं की ओरडायच्या, "बोलू नको! आकडा चढतो." पाय जमिनीला टेकलेत का, पाठ टेकली आहे का, हात उशीवर आहे का, सगळं बघायच्या. सिस्टरने एकदाच सांगितलं होतं, त्यांनी कायमचं धरून ठेवलं. मग आवाज द्यायच्या, "लिही गं मोठे, वरचा इतका, खालचा इतका," आणि मी लिहायचे. गोळ्यांनी आकडे आटोक्यात आले. सातव्याच्या शेवटाला आम्ही एकदा नाशिकला जाऊन सोनोग्राफी करून आलो. बाळ जरा लहान आहे, पण ठीक आहे, असं सांगितलं आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

पंधरा दिवसांनी आठवा महिना लागलेला होता. आणि तिथे सगळं अडलं.

आमच्या काठावर आठव्यातली बाई नदी ओलांडत नाही. सातव्यात चालतं, नवव्यात चालतं. आठव्यात वेशीच्या आत, नदीच्या अलीकडे. आणि आमच्या गावातून नाशिकला जायचं तर गोदावरीवरचा पूल ओलांडल्यावाचून दुसरी वाट नाही.

"नववा लागला की न्या. मी अडवणार नाय," सासूबाई म्हणाल्या. धाकटीच्या आईला फोन केला तर त्याही तेच म्हणाल्या, "आठव्यात हलवू नका हो तिला. आठव्यातलं जगत नाही." दीर आईपुढे बोलत नाहीत. ते गच्चीवर जाऊन सिस्टरला फोन करून आले.

सिस्टर मला म्हणाली, "ताई, मी आठवड्यातून दोनदा इथेच बघते तिला, पण ते पुरेसं नाही. तुम्ही काहीतरी करा."

मी सासूबाईंशी एकदा स्पष्ट बोलायचं ठरवलं. दुपारी त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मी समोर जाऊन बसले आणि मीही शेंगा फोडायला घेतल्या.

"आई, आकडा चढला तर काय करायचं, ते आज ठरवू या."

"वाईट तोंडातनं काढू नको."

"अवकाळी येईल म्हणून आपण बागेवर प्लॅस्टिक आणून ठेवतोच ना? ते का वाईट बोलणं आहे?"

त्यांनी बऱ्याच शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, "माझी थोरली नणंद आठव्यात नदीच्या उतारानं, पाण्यातनं चालत निघाली व्हती. पलीकडं वैद्य व्हता. पाणी गुडघ्याएवढंच. मध्यात पाय सुटला. बाई सापडली, पोटातलं गेलं. मी काठावर उभी व्हते, नवी नवरी. तवा पूल कुठं व्हता?"

मी म्हटलं, "आता आहे ना पूल."

"पूल हाय. नदी बी हाय."

त्या हट्ट करत नव्हत्या, हे मला कळलं. त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांच्या भीतीला मी कागदावरचे आकडे दाखवून उत्तर देऊ शकत नव्हते. मी मनाशी पक्कं केलं की आकडा चढलाच तर भांडण झालं तरी चालेल, धाकटीला घेऊन निघायचं. तयारी मात्र त्याच संध्याकाळी करून ठेवली. दाराजवळ पिशवी: तिचे कागद, गोळ्या, आधार कार्ड, दोन गाऊन, बाळाची दुपटी, टोपडं, मोजे, थर्मास, चार्जर, बिस्किटं. सिस्टरचा आणि दवाखान्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत. रक्त द्यायची वेळ आली तर म्हणून गावातल्या दोघा पोरांना सांगून ठेवलं. सासूबाईंनी येता-जाता पिशवीकडे बघितलं, पण ती हलवली नाही.

मोठ्या प्लॉटचा खुडा ठरला त्या सकाळी गोष्ट घडली. टोळी पहाटेच येऊन बसली होती, क्रेट ओळीने मांडलेले, व्यापाऱ्याची गाडी गावाजवळ आल्याचा फोन झालेला. मी चहाचं पातेलं उतरवत होते. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"ताई, डोकं ठणकतंय. उठल्यापासून. आणि डोळ्यांपुढं सारखे काजवे येतायत."

सासूबाईंच्या हातात साखरेचं यंत्र होतं, त्या बागेतून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी ते फळीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. धाकटीला खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला. "बोलू नको," असं म्हणाल्या नाहीत. धाकटी बोलतच नव्हती.

मशीन थांबलं. वरचा एकशे साठच्या वर. खालचा एकशे दहाच्या वर.

"परत बघ," त्या मला म्हणाल्या. थोडं थांबून मी परत घेतलं. तसंच.

मी सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, ॲम्ब्युलन्स घेऊन येते, तिला कुशीवर झोपवा, एकटी सोडू नका. दीर कामावर निघायच्या तयारीत होते, ते बूट अर्धे घालून तसेच उभे. माझा नवरा बागेतून धावत आला.

"गाडी आलीये व्यापाऱ्याची. काय करू?"

"खुडा करा. टोळीला सगळं माहीत आहे. कागद फ्रिजवर आहे."

मग मी सासूबाईंकडे वळले. सगळं मनात तयार होतं. डॉक्टर काय म्हणाले, सिस्टर काय म्हणाली, पूल किती पक्का आहे. त्या देवघरापुढे उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे.

"आई, आम्ही निघतोय."

"तर? मी काय नको म्हणतेय?" त्या वळल्या. हातात नारळ होता. "तुझ्या पिशवीत एवढं सगळं भरलंस, चार्जर भरलास, आन् वटीचं सामान कुठंय? नदीची वटी भरल्याबिगर बाई कशी न्यायची? तांदूळ घे. खण घे, कपाटात वरच्या फळीवर. हळद-कुंकवाच्या पुड्या मी घेतल्यात."

मी बघतच राहिले. इतके दिवस मी भांडणाची तयारी केली होती, आणि त्यांनी मनातल्या मनात वाट काढून ठेवली होती. मला सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती. मी पळत जाऊन खण आणला.

ॲम्ब्युलन्स आली. सिस्टरने धाकटीला आत घेऊन लगेच इंजेक्शन दिलं, बीपीचं औषध दिलं आणि दवाखान्यात फोन करून कळवलं. मी तिच्या उशाशी बसले, दीर पायाशी. सासूबाई ड्रायव्हरशेजारी पुढे चढल्या, ओटी मांडीवर घेऊन. मधली खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

मी मनातल्या मनात वेळेचा हिशोब करायला लागले. नदीची ओटी म्हणजे पुलावर उतरणं, हळद-कुंकू वाहणं, तांदूळ सोडणं, नमस्कार, कदाचित एखादं गाऱ्हाणं. सिस्टरही माझ्याकडे बघत होती. तिने घड्याळाकडे बोट केलं. धाकटीने डोळे मिटून घेतले होते आणि माझा हात घट्ट धरला होता. मी ठरवलं, पूल आला की त्यांना सांगायचं, थांबायचं नाही, काहीही झालं तरी.

पूल आला. सासूबाईंनी काच खाली केली.

"ड्रायव्हरदादा."

"बोला, आजी. थांबवू?"

"येडा का खुळा? आत पोरगी हाय! थांबवू नको. नुसती हळू कर."

ड्रायव्हरने वेग कमी केला. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हळद, कुंकू, मग तांदळाची मूठ वाऱ्यावर उडाली, निम्मी आत आमच्या अंगावर आली. मग खण, त्यात सुपारी बांधून. आणि मग नारळ. त्यांनी तो सगळं बळ लावून फेकला, तो पुलाच्या कठड्यावर आपटला, वर उसळला आणि पलीकडे पाण्यात गेला.

"सिक्सर!" ड्रायव्हर ओरडला.

सासूबाई खिडकीबाहेर गोदावरीकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "गंगामाई, ही तुझी लेक हाय. दवाखान्यात चाललीये. जाऊ दे. घेऊन येते परत." मग आत वळून, "कर आता जोरात."

सिस्टर हसली. दीर हसले, आणि मग त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. धाकटी डोळे मिटूनच होती, पण तिचे ओठ हलले. मी वाकून ऐकलं.

"ताई, तांदूळ माझ्या नाकात गेलेत."

मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की काय सांगू. जी बाई अशी तक्रार करते ती शुद्धीवर आहे.

दवाखान्यात आमच्यासाठी तयारी करूनच ठेवली होती. सिस्टरने आधी कळवलं होतं त्याचा हा उपयोग. कागद बघितले, रोजचे आकडे बघितले, झटके येऊ नयेत म्हणून सलाइन सुरू केलं, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला आणि डोक्याचा ठणका थांबला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "झटके यायच्या आत आणलंत. काही दिवस जमतील तेवढे काढू, मग बाळंतपण करू. आता ती आमच्या नजरेखाली आहे."

ते काही दिवस सासूबाईंनी वॉर्डात काढले. मी घरी खुड्याचं बघून दोन दिवसांनी गेले तर त्या खाटांच्या मधून फिरत होत्या. एक पेठकडची पोर, एक मालेगावची, एक सटाण्याकडची, सगळ्यांना त्यांचं एकच विचारणं.

"तुझा खालचा किती गं?"

मालेगावच्या पोरीची सासू म्हणाली, "बाई, आम्हाला तर डोळ्यापुढं अंधार आला तेव्हा कळलं." तर ह्या तिला पट्टा कसा बांधायचा ते शिकवत बसल्या. नर्सने एकदा विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या दवाखान्यात होता?" "आमची बाग हाय," त्या म्हणाल्या.

आणि आठव्यातच बाळंतपण झालं. मुलगी. लहानशी, इतकी लहान की टोपडं डोळ्यांवर येत होतं, पण रडली मात्र अशी की बाहेर बाकावर बसलेल्या दिरांना कुणी आतून येऊन सांगावं लागलं नाही. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मग छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायला सांगितलं, म्हणजे ऊब मिळते आणि वजन धरतं. धाकटी दमली की दीर शर्टाची बटणं काढून बसायचे, पोरीला छातीवर घेऊन, वरून शाल. आईपुढे कधी तोंड न उघडणारा हा माणूस पोरीशी तासन् तास बोलत बसायचा. कंपनीतल्या मशीनबद्दल सांगायचा तिला.

धाकटीची आई नांदगावहून आल्या. पेटीच्या काचेतून बघून त्यांना रडू आवरेना. "आठव्यातलं जगत नाही म्हणतात हो," त्या म्हणाल्या.

सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, हिला कुणी सांगितलं नाय ते. ती जगायला लागलीये. तुम्ही आता सांगू नका."

घरी परत यायच्या दिवशी मी सगळं तपासलं. डिस्चार्जचे कागद, बाळाचं कार्ड, धाकटीच्या गोळ्या, कारण बाळंतपण झालं तरी बीपी लगेच जात नाही, मोजत राहायचं आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. गाडी निघाली. पूल जवळ आला आणि माझ्या लक्षात आलं की येण्याची ओटी मी घेतलीच नाही.

"आई, नारळ राहिला."

त्यांनी सीटखाली हात घातला आणि नारळ बाहेर काढला. "तू कागदं सांभाळ," म्हणाल्या. या वेळी गाडी थांबवली. त्या उतरल्या, शांतपणे सगळं वाहिलं, आणि पोरीला दुपट्यातून थोडी वर करून नदीला दाखवली. मग घरी.

खुड्याचं विचाराल तर माझ्या नवऱ्याने आणि टोळीने तो नीट केला, माल चांगला गेला. फ्रिजवरचा कागद पुरेसा होता.

काही आठवड्यांनी धाकटीची सूज पुरती उतरली. सासूबाईंनी एका सकाळी पदराची गाठ सोडली. जोडवी इतके दिवस तिथेच होती. कुठल्याही साडीला त्या ती गाठ नव्याने मारायच्या, हे मी बघितलं होतं. त्यांनी स्वतः खाली बसून सुनेच्या बोटांत ती घातली. एक जरा सैल झालं होतं. "दाबून आणू सोनाराकडनं," त्या म्हणाल्या. धाकटी म्हणाली, "राहू दे, आई. सैलच बरं आहे."

आता पोरगी रांगते. साखरेचं यंत्र आणि बीपीचं मशीन अजून एकाच फळीवर आहेत. या हंगामात सकाळी आमच्या अंगणात खुर्ची मांडलेली असते. गावातल्या, वस्तीवरच्या, टोळीतल्या पोटुशा बाया कामाला जाता जाता टेकतात. "पाठ टेक. पाय सोड. बोलू नको, आकडा चढतो," हे मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. आकडा वर दिसला की सासूबाई त्या बाईला उपकेंद्रात नुसतं पाठवत नाहीत, सोबत जातात.

मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरून एक बाई धावत आली. तिच्या सुनेला आठवा लागला होता, बीपी वाढलं होतं, सिस्टरने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. पण सुनेच्या आजेसासूने दार अडवलं होतं, आठव्यात नदी ओलांडून न्यायची नाही म्हणून.

सासूबाई जेवायला बसल्या होत्या. पानावरून उठल्या. हात धुतला, देवघरातला नारळ घेतला. तांदूळ आणि खण मी दिला, कारण आता ते माझ्याकडे एका डब्यात तयार असतात. आम्ही दोघी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती आणि म्हातारी उंबऱ्यावर बसून होती.

सासूबाईंनी तिच्या ओच्यात नारळ ठेवला.

"घे, आणि बस पुढं ड्रायव्हरशेजारी. पुलावर त्याला म्हणावं, हळू कर. थांबवू नको."

म्हातारीने नारळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पुढे चढली.